मे महिन्याचा गल्ला बघून धंदा काढू नका: मालवणच्या होमस्टेचा बारा महिन्यांचा हिशेब



मे महिन्यात मालवण-तारकर्ली फिरून आलेला माणूस परत येताना गाडीत एक वाक्य हमखास बोलतो. "अरे, त्या काका-काकूंनी घरातल्याच चार खोल्या भाड्याने दिल्यात, वर जेवणाचे पैसे वेगळे, समुद्रात पोहायचे वेगळे. नुसता पैसा छापतायत! आपण पण असं काहीतरी काढू."

हे वाक्य मी नायगावात माझ्या दुकानाच्या काउंटरवरही ऐकलंय आणि ट्रेनिंगच्या बॅचमध्येही. उत्साह चांगलाच आहे. पण हा उत्साह मे महिन्याचा गल्ला बघून आलेला असतो. बँकेचा हप्ता मात्र जुलैमध्येही असतो.

म्हणून या आठवड्याच्या व्हिडिओला जोडून आज एक होमस्टे आपण आतून उघडून बघू. पैसा कुठून येतो, कुठे जातो, आणि यातलं काय तुमच्या नायगाव, देगलूर, उदगीर किंवा अहमदपूरच्या धंद्याला लागू पडतं, ते बघू. वही-पेन घेऊन बसा.

आधी जागा समजून घ्या

मालवणच्या किनाऱ्यासमोर समुद्रात कुरटे नावाचं बेट आहे. त्या बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ ते १६६७ या काळात सिंधुदुर्ग किल्ला बांधला. साधारण ४८ एकराचा हा किल्ला. चारही बाजूंनी खारं पाणी, आणि आत गोड्या पाण्याच्या विहिरी: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. आजही किल्ल्यात काही कुटुंबं राहतात.

किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर प्रवाळ आहेत आणि त्यांच्या आधाराने रंगीत मासे. म्हणूनच १९८७ साली मालवणचं सागरी अभयारण्य जाहीर झालं, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. पर्यटक स्नॉर्कलिंग करतात ते याच भागात. डोळे आणि नाक झाकणारा मास्क, तोंडात धरायची नळी, अंगात लाइफ जॅकेट. पाण्यावर पालथं तरंगायचं, नळीने श्वास घ्यायचा आणि खालचं जग बघायचं. स्कुबामध्ये पाठीवर टाकी लावून खाली जातात, इथे माणूस वरच राहतो. पोहता न येणाराही गाइडचा हात धरून हे करू शकतो, म्हणून आपल्याकडच्या गिऱ्हाइकाला ते झेपतं.

रात्रीचा मुक्काम किनाऱ्यावर. मालवण, तारकर्ली आणि पुढे देवबाग. देवबाग म्हणजे एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे जमिनीची चिंचोळी पट्टी. तीन बाजूंनी पाणी, म्हणजे जवळजवळ बेटच. इथे बरीच घरं अशी आहेत की पुढच्या खोल्यांत पाहुणे आणि मागच्या भागात घरचे. स्वयंपाक घरच्याच बाईच्या हातचा: बांगडा, सुरमई, सोलकढी, सकाळी घावणे.

हे फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. मालदीवमध्ये कित्येक वर्षं पर्यटक वेगळ्या रिसॉर्ट-बेटांवरच राहायचे. गावाच्या बेटांवर गेस्टहाउस काढायला २००९ नंतर वाट मोकळी झाली आणि माफुशीसारख्या छोट्या बेटावर घराघरांतून गेस्टहाउस उभी राहिली. मोठ्या रिसॉर्टसमोर छोटं कुटुंब टिकू शकतं, हे तिथेही दिसलं. पण कशामुळे टिकतं, ते महत्त्वाचं.

पाहुणा येतो समुद्रासाठी, पैसा मिळतो खोलीतून

गिऱ्हाईक फोनवर पहिलं विचारतं, "स्नॉर्कलिंग होतं का?" म्हणून बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, खरा धंदा तोच. मग तो म्हणतो, आपणच बोट घेऊ.

शहाणं कुटुंब शक्यतो तसं करत नाही. बोट, इंजिन, गाइड, परवाना, विमा, दुरुस्ती हा पूर्ण वेगळा धंदा आहे. तो मच्छीमारीतून आलेल्या, पाणी ओळखणाऱ्या माणसाने करावा. होमस्टेवाला त्याच्याकडे पाहुणा पाठवतो आणि माणशी थोडे पैसे घेतो. त्याचं स्वतःचं उत्पन्न खोलीतून आणि ताटातून येतं.

आपल्या भाषेत सांगतो. लग्नाचा बस्ता बांधायला आलेलं गिऱ्हाईक नवरीची साडी बघायला येतं. पण दुकानाचा महिना आहेराच्या साड्या, टॉवेल-टोपी आणि ब्लाउजपीसवर निघतो. गिऱ्हाईक कशासाठी येतं आणि नफा कशात आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या धंद्यात त्या कोणत्या, हे आधी दोन ओळींत लिहून काढा.

आता आकडे मांडू

खालचे आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत. हे कुठल्या एका घराचे नाहीत. तुम्ही तुमचे आकडे टाकून पुन्हा मांडा.

समजा, घरात चार खोल्या आहेत. एका खोलीचं एका रात्रीचं भाडं २,००० रुपये. वर्षाच्या ३६५ रात्री गुणिले ४, म्हणजे विकायला १,४६० खोली-रात्री आहेत.

पण समुद्र बारा महिने उघडा नसतो. साधारण २६ मे ते ३१ ऑगस्ट या काळात किल्ल्याची होडी आणि पाण्यातले खेळ बंद असतात. सप्टेंबरमध्येही पाऊस आणि गढूळ पाणी असतंच. पाणी चांगलं नितळ होतं ते दिवाळीनंतर. म्हणजे खरा सीझन ऑक्टोबर ते मे, २४३ रात्री.

त्यातही रोज गर्दी नसते. हिशेब असा धरू:

- शुक्रवार-शनिवारच्या रात्री, सुमारे ३५ आठवडे: ७० रात्री फुल.
- दिवाळी, नाताळ-नववर्ष आणि मे महिन्यातल्या इतर रात्री: ३० रात्री फुल.
- म्हणजे १०० रात्री चारही खोल्या भरल्या: ४०० खोली-रात्री.
- उरलेल्या १४३ रात्री सरासरी एकच खोली: १४३ खोली-रात्री.

एकूण ५४३. म्हणजे वर्षभरात विकायला असलेल्या मालातला ३७ टक्के माल विकला. आणि इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. दुकानात न विकलेला शर्ट उद्या विकता येतो. मंगळवारची रिकामी खोली बुधवारी विकता येत नाही, ती गेलीच.

जमा बाजू:

- खोलीभाडं: ५४३ × २,००० = १०,८६,०००
- जेवण: खोलीत दोन माणसं, खर्च जाऊन माणशी ३०० रुपये उरतात असं धरू: ३,२५,८००
- स्नॉर्कलिंगला पाठवलेले पाहुणे: ५०० × १०० = ५०,०००
- एकूण: १४,६१,८००

स्नॉर्कलिंगचा आकडा बघा. ज्याच्यासाठी पाहुणा आला, त्यातून पन्नास हजार, म्हणजे एकूण जमेच्या साडेतीन टक्क्यांच्या आत.

खर्च बाजू:

- निम्मं बुकिंग ॲप किंवा एजंटकडून, १८ टक्के कमिशन: ९७,७४०
- चादरी धुणं, साबण, पाणी, खोलीमागे २५०: १,३५,७५०
- वीज, इंटरनेट, महिना १०,०००: १,२०,०००
- एक मदतनीस, सीझनचे ८ महिने × १२,०००: ९६,०००
- पावसाळ्यानंतरची दुरुस्ती: १,५०,०००
- एकूण: ५,९९,४९०

दुरुस्तीचा आकडा मोठा वाटेल. पण खाऱ्या हवेत लोखंड गंजतं, एसीच्या कॉइल जातात, रंग फुगतो. आपल्याकडे पाच वर्षं टिकणारी ग्रिल तिथे तेवढी टिकत नाही.

उरले ८,६२,३१०. आता कर्ज. २० लाख रुपये, ११ टक्के व्याज, सात वर्षं. हप्ता महिन्याला साधारण ३४,२४५, वर्षाला ४,१०,९४०.

हातात राहिले ४,५१,३७०. महिन्याला सदतीस हजार सहाशेच्या आसपास. तेही नवरा, बायको आणि मुलगा अशा तिघांच्या पहाटेपासून रात्रीपर्यंतच्या कामाचे.

मग मे महिन्यात पैसा छापताना का दिसतो?

कारण तुम्ही गेलात तेव्हा सगळ्या खोल्या भरलेल्या होत्या. १ ते २५ मे या २५ रात्री चारही खोल्या फुल धरल्या, तर भाडं २ लाख आणि जेवणातून ६० हजार. एका महिन्यात २ लाख ६० हजार! पाहुणा मनातल्या मनात त्याला बाराने गुणतो आणि ३१ लाख २० हजार काढतो. आपण मांडलेली खरी जमा साडेचौदा लाख, म्हणजे निम्म्याहूनही कमी.

धंदा बघायला जायचं तर गर्दीत जाऊ नका. जुलैमधल्या एखाद्या मंगळवारी जा. किंवा फेब्रुवारीतल्या बुधवारी जाऊन त्या काकांशी चहा घेत बोला. त्यांना तेव्हा वेळही असतो आणि ते खरं बोलतातही.

दर खोलीमागचे ६०० रुपये तुमचे नाहीत

आजच्या लेखातली ही सगळ्यात कामाची गोष्ट.

जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत गिऱ्हाईक जवळपास नाही. पण हप्ता ४ × ३४,२४५ = १,३६,९८०. वीज-इंटरनेट ४०,०००. दुरुस्ती १,५०,०००. एकूण ३,२६,९८०. हा पैसा सीझनमध्येच बाजूला निघाला पाहिजे.

३,२६,९८० ला ५४३ खोली-रात्रींनी भागा. उत्तर येतं सुमारे ६०२ रुपये.

म्हणजे पाहुण्याने २,००० रुपये हातात ठेवले, की त्यातले ६०० पावसाळ्याचे. ते त्याच दिवशी वेगळ्या खात्यात गेले पाहिजेत. त्या खात्याचं एटीएम कार्ड खिशात ठेवायचं नाही, त्याला यूपीआय जोडायचं नाही. यात चार महिन्यांचा घरखर्च तर अजून धरलेलाच नाही. तो धरला तर आकडा आणखी वाढेल.

जे कुटुंब हे करत नाही त्याचं काय होतं? मेमध्ये भरलेला गल्ला बघून नवीन गाडी येते, घरातलं लग्न जोरात होतं. ऑगस्टमध्ये हप्ता भरायला सोनं गहाण पडतं. ऑक्टोबरमध्ये रंग न लावलेल्या खोल्या उघडतात, पाहुणा फोटो बघून नाराज होतो, रेटिंग पडतं आणि पुढच्या दिवाळीचं बुकिंग शेजारच्या घरात जातं. धंदा चांगला असूनही घर अडचणीत येतं.

एक वाईट सीझन आला तर?

हा प्रश्न कर्जाच्या अर्जावर सही करायच्या आधी विचारायचा, नंतर नाही.

२०१९ मध्ये 'क्यार' चक्रीवादळ अरबी समुद्रात होतं, ते नेमकं दिवाळीत. मे २०२१ मध्ये 'तौक्ते' सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळून गेलं. मे महिना म्हणजे एरवी ऐन कमाईचा. शिवाय २०२० आणि २०२१ चे लॉकडाउन वेगळे.

आपल्या उदाहरणात फुल जाणाऱ्या रात्रींपैकी ३० रात्री रिकाम्या गेल्या असं धरा. भाडं आणि जेवण मिळून ३,१२,००० कमी. धुणं आणि कमिशन वाचलं सुमारे ५१,६००. म्हणजे निव्वळ फटका २,६०,४००. हातात राहणारे साडेचार लाख एकदम १,९०,९७० वर येतात. महिन्याला सोळा हजारही नाहीत.

फक्त ३० रात्री! म्हणून मी बॅचमध्ये सांगतो, कर्ज चांगल्या वर्षाच्या कमाईवर घेऊ नका. वाईट वर्षात किती हप्ता झेपेल तेवढंच घ्या. आधी दोन खोल्या करा, त्यावर एक पावसाळा काढा, मग पुढच्या दोन बांधा.

महिलांच्या नावावर पर्यटनाचा व्यवसाय असेल, तर राज्याच्या 'आई' या महिला पर्यटन धोरणात १५ लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजाचा परतावा मिळण्याची सोय आहे. अटी पर्यटन संचालनालयाच्या कार्यालयात नीट समजून घ्या. पण लक्षात ठेवा, व्याज परत मिळालं तरी मुद्दल आपल्यालाच फेडायचं आहे.

लाइफ जॅकेटचा हिशेब वेगळा असतो

मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कुबा करून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. गेलेला जीव कुठल्याच वहीत मांडता येत नाही. धंदा करणाऱ्याने यातून एवढं घ्यायचं की पाण्यातल्या कामात काटकसर करायची जागाच नसते.

बोट तुमची नसली तरी पाहुणा तुमच्या शब्दावर गेलेला असतो. म्हणून चांगला होमस्टेवाला कमिशन कुठे जास्त मिळतं ते बघत नाही. बोटवाल्याकडे परवाना आहे का, प्रत्येकाला लाइफ जॅकेट आहे का, मोजून माणसं बसवतो का, गाइड शिकलेला आहे का, एवढं बघतो. दमा, हृदयाचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर "काकू, तुम्ही आज किनाऱ्यावरच बसा" असं तोंडावर सांगतो. वारा वाढला तर ट्रिप रद्द करतो. त्या दिवसाचे पैसे जातात, पण घराचं नाव राहतं. पाहुण्याला हेही सांगतो की प्रवाळावर पाय ठेवू नका. प्रवाळ मेले तर मासे जातील आणि माशांमागे पाहुणेही जातील.

तुमच्या धंद्यातलं लाइफ जॅकेट कोणतं? कृषी केंद्र असेल तर पक्कं बिल आणि खात्रीचं बियाणं. खानावळ असेल तर तेल आणि पाणी. तिथे पैसे वाचवायचे नाहीत.

नायगावात हे कसं वापरायचं?

आपल्याकडे समुद्र नाही, पण सीझन सगळ्यांनाच आहे. सोयाबीन बाजारात आलं की दिवाळीत पैसा खेळतो. कृषी केंद्राची धावपळ जूनमध्ये. वह्या-दप्तरांची विक्री शाळा उघडताना. माळेगावच्या यात्रेत दुकान लावणाऱ्याची बरीच कमाई त्या मोजक्या दिवसांत. नवरात्रात माहूरला गर्दी, नंतर शांतता.

म्हणून एकच सूत्र लिहून ठेवा:

बंद काळाचा एकूण खर्च ÷ सीझनमध्ये विकले जाणारे नग = प्रत्येक नगामागे बाजूला ठेवायची रक्कम

रसवंतीचं उदाहरण घेऊ. सीझन १२० दिवस, रोज १५० ग्लास, म्हणजे १८,००० ग्लास. उरलेल्या आठ महिन्यांचं जागाभाडं २४,०००, मशीनच्या कर्जाचा हप्ता २४,०००, दुरुस्ती ६,०००. एकूण ५४,०००. भागिले १८,०००, म्हणजे ग्लासमागे ३ रुपये. २० रुपयांचा ग्लास विकलात की ३ रुपये डब्यात. रोज संध्याकाळी ४५० रुपये. हे जमत नसेल, तर दर, जागा किंवा हप्ता यातलं काहीतरी चुकतंय. ते मशीन घ्यायच्या आधी कळलेलं बरं.

आणि कुणाला नांदेड किंवा माहूरला घरातल्या दोन खोल्या भाविकांसाठी द्यायच्या असतील, तर तोच कागद घ्या. कोणत्या रात्री फुल जातील ते लिहा. नांदेडला गुरुद्वाऱ्याचे यात्री निवास आहेत, त्यांच्या दराशी तुम्हाला टक्कर देता येणार नाही. मग तुमच्याकडे माणूस का येईल? घरचं जेवण, म्हाताऱ्या माणसांसाठी तळमजल्याची खोली, स्टेशनवरून आणायची सोय, यापैकी काय देणार ते ठरवा.

बघायला जाणार असाल तर

जरूर जा. आपल्याकडून लातूर, सोलापूर, कोल्हापूर करत घाट उतरायचा, म्हणजे जाण्या-येण्याचे दोन दिवस धराच. शनिवार-रविवारी उरकण्यासारखं ते नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारीमधले कामाचे दिवस निवडा. पाणी नितळ असतं, गर्दी कमी असते आणि घरचे लोक बोलायला मोकळे असतात. स्नॉर्कलिंग करा, मासे बघा, पोटभर जेवा. आणि जेवण झाल्यावर काकांना फक्त तीन प्रश्न विचारा:

१. मागच्या वर्षी किती रात्री सगळ्या खोल्या भरल्या?
२. पावसाळ्यात घर कशावर चालतं?
३. पुन्हा सुरुवात करायची झाली तर किती खोल्या बांधाल?

उत्तरं वहीत लिहून घ्या. मग आपला कागद उघडा, आपल्या धंद्याचा बंद काळ आणि त्याचा खर्च मांडा. नगामागे किती रुपये बाजूला काढायचे तो आकडा आला, की तो गल्ल्याच्या झाकणावर चिकटवा.

पुढच्या व्हिडिओत कमिशनवर बोलू: ॲपवरून आलेलं गिऱ्हाईक दुसऱ्या वेळी थेट आपल्याला फोन कसं करेल. तोपर्यंत हा कागद पूर्ण करून ठेवा.